‘चकमक’ : शेजारभाषेतील एक बालमासिक

मराठीत ‘चकमक’ हा शब्द आज बहुधा पोलिसांच्या बातमीत किंवा विधिमंडळातील वादाच्या वर्णनात भेटतो. दोन पक्ष समोरासमोर आले की चकमक उडते, हा त्याचा रूढ अर्थ होय. मूळ अर्थ मात्र घरगुती आहे. काड्यापेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी विस्तव पाडण्यासाठी गारगोटीचा तुकडा, पोलादाची लहान पट्टी आणि चटकन पेट घेणारा कापूस एवढे साहित्य जवळ बाळगले जाई आणि त्या साधनाला चकमक म्हणत. ठिणगी दगडातून निघते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दगडाच्या कठीण धारेने पोलादाचा अतिसूक्ष्म कण खरवडला जातो, तो घर्षणाने तापतो आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळतो. ठिणगी पोलादाची असते, दगड तिला निमित्त होतो. जुलै १९८५मध्ये भोपाळहून निघू लागलेल्या एका हिंदी बालमासिकाने हे नाव घेतले, तेव्हा ते घेणाऱ्यांच्या मनात हा बारकावा होता किंवा नाही हा प्रश्न गौण आहे. पण जळणारी सामग्री मुलाकडेच असते आणि मासिकाने फक्त नेमक्या जागी आघात करायचा असतो, ही त्या मासिकाची धारणा गेली चार दशके त्याच्या पानापानांतून दिसत आली आहे.

‘चकमक’च्या मुखपृष्ठावर दीर्घकाळ ‘बाल विज्ञान पत्रिका’ अशी ओळ असे. ‘पत्रिका’ म्हटले की मराठी वाचकाला लग्नाची किंवा जन्माची पत्रिका आठवते. हिंदीत मात्र ठरावीक कालांतराने निघणाऱ्या कोणत्याही प्रकाशनाला, म्हणजे ज्याला मराठीत नियतकालिक म्हणतात त्याला, पत्रिका हा सर्रास वापरातला शब्द आहे. ‘विज्ञान’ या शब्दाचा अर्थही येथे शाळेतील विषयापुरता घेता येत नाही. पाहणे, मोजणे, करून पाहणे, दुसऱ्याचे म्हणणे तपासणे आणि स्वतःचे चुकले असल्यास ते मान्य करणे या सवयींना मिळून ‘चकमक’ विज्ञान म्हणते, आणि म्हणूनच त्याच्या अंकांत कविता, कथा, चित्रे, प्रवासवर्णने आणि कोडी यांना प्रयोगांइतकीच जागा मिळते.

ही दृष्टी एका शैक्षणिक प्रयोगातून आली. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शासकीय उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची एक नवी पद्धत सुरू केली. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम, संक्षेपाने ‘होविशिका’, या नावाने ती ओळखली जाते. १९७८मध्ये ती जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत पोहोचली, आणि तिच्या विस्तारासाठी व इतर विषयांतील अशाच कामासाठी १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांनी चार-चारच्या टोळीत बसून प्रयोग करायचे, निरीक्षणे स्वतःच्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायची आणि त्यांवरून निष्कर्ष काढायचा, अशी तिची रीत होती. तिच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत उत्तरे छापलेली नसत, प्रश्न मात्र भरपूर असत. या कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांना जो प्रश्न पडेल तो त्यांनी सवालीरामला पत्राने कळवायचा आणि सवालीरामने त्या पत्राला उत्तर द्यायचे, अशी व्यवस्था होती. खेड्यातल्या मुलाला त्याच्या नावाने आलेले पत्र हे किती मोठे अप्रूप असते, हे टपालावर जगलेल्या पिढीला सांगावे लागणार नाही. राज्य शासनाने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला. पण तोपर्यंत प्रश्न विचारणारे मूल हे उद्धट नसून शिकत असलेले मूल असते ही जाणीव त्या परिसरातील शिक्षकांच्या एका पिढीत रुजली होती, आणि ‘चकमक’ने ती जाणीव शाळेच्या भिंतीबाहेर, पाठ्यपुस्तक संपल्यानंतरच्या वेळात, पुढे चालू ठेवली.

काळाचा एक संदर्भ येथे नोंदवणे आवश्यक आहे. भोपाळची वायुदुर्घटना २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या दरम्यानच्या रात्री घडली आणि ‘चकमक’चा पहिला अंक त्यानंतर सात महिन्यांनी त्याच शहरातून निघाला. एकाचे कारण दुसरे होते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. मासिकाची वैचारिक तयारी त्याआधीच्या दशकभरात झालेली होती. तरीही ज्या शहरात हजारो कुटुंबांना आपल्या घराशेजारच्या कारखान्यात काय तयार होते, ते हवेत मिसळल्यास काय होते आणि अशा वेळी कोणत्या दिशेने पळावे एवढेही ठाऊक नव्हते, त्या शहरात मुलांसाठी विज्ञानाचे मासिक काढणे ही करमणुकीची बाब राहू शकत नव्हती. ‘एकलव्य’च्या संस्थापकांपैकी विनोद रैना हे या मासिकाच्या उभारणीत अग्रभागी होते आणि वायुपीडितांच्या प्रश्नांशीही त्यांचा निकटचा संबंध होता. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला हा संदर्भ दूरचा वाटू नये. पुढे त्याकडे पुन्हा यावे लागेल.

हिंदीत बालमासिकांची परंपरा ‘चकमक’च्या बरीच आधीची आहे. अलाहाबादच्या इंडियन प्रेसचे ‘बालसखा’ १९१७ साली सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाचे ‘बाल भारती’ निघाले. टाइम्स समूहाने १९५८मध्ये ‘पराग’ काढले ते मुंबईतून. १९६४मध्ये दिल्लीहून ‘नंदन’ सुरू झाले आणि २०२०मध्ये ते बंद पडले. ‘पराग’च्या संपादकपदी कन्हैयालाल नंदन, सर्वेश्वर दयाल सक्सेना आणि हरिकृष्ण देवसरे यांच्यासारखे लेखक येऊन गेले. १९४७ साली तेलुगू व तमिळमध्ये सुरू झालेले ‘चंदामामा’ हिंदीत आले आणि १९५२पासून मराठीत ‘चांदोबा’ झाले. या सर्वांनी मुलांना वाचनाची गोडी लावली, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु त्यांच्यातील बहुतेकांत प्रौढ सांगत असत आणि मूल ऐकत असे; राजाराणी, बोधकथा, थोरांची चरित्रे आणि ‘तुम्हाला ठाऊक आहे काय?’ अशा सदरातील तुटक माहिती असा सर्वसाधारण आराखडा असे. ‘चकमक’ने हा प्रवाह उलटा वाहू दिला. मुलाकडून येणारा मजकूर त्याने अंकाच्या शेवटच्या कोपऱ्यात ढकलला नाही, त्याला अंकाचा गाभा मानले, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत महत्त्वाचा विशेष आहे.

‘मेरा पन्ना’, म्हणजे ‘माझे पान’, हे सदर या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखे आहे. तेथे छापलेल्या चित्राखाली किंवा मजकुराखाली मुलाचे नाव येते आणि त्याच्यापुढे इयत्ता किंवा वय, गाव वा शाळा आणि जिल्हा येतो. वर्तमानपत्रात गावाचे नाव सामान्यतः अपघात, पूर किंवा निवडणूक झाल्याशिवाय छापून येत नाही. येथे ते येते, कारण त्या गावातील एका मुलीने आपल्या घरची शेळी कशी व्यायली हे आठ ओळींत लिहिलेले असते. अशा मजकुरावर प्रौढांची इस्त्री फिरली की तो मरतो. वाक्य अर्धवट असेल, मध्येच विषय बदलत असेल, शेवटी ‘मग आम्ही घरी गेलो’ एवढेच असेल, तरी त्यातले पाहणे खरे असते, आणि ते खरे पाहणे राखण्यासाठी संपादकाला स्वतःच्या भाषिक सवयींवर कठोर लगाम ठेवावा लागतो. ‘क्यों-क्यों’ या सदरात मासिक एक प्रश्न विचारते आणि पुढच्या अंकात निरनिराळ्या मुलांची उत्तरे शेजारी शेजारी छापते. ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत आणि ती जुळावीत असा आग्रहही नसतो. एकाच प्रश्नाला पाच जणांनी पाच प्रामाणिक उत्तरे दिलेली पाहणे हा शाळकरी मुलासाठी नवा अनुभव असतो, कारण वर्गात बरोबर उत्तर एकच असते आणि ते आधीपासून कोणाला तरी माहीत असते. ‘माथापच्ची’ हे कोड्यांचे सदर आहे. मराठीत ज्याला डोकेफोड म्हणतात तोच हा शब्द. फक्त मराठीत त्याला वैतागाची छटा आहे, तर या पानावर तो खेळाचा शब्द झालेला आहे.

लेखक आणि चित्रकार निवडतानाही मासिकाने मुलांसाठी दुय्यम प्रतीचे चालेल ही सवलत घेतलेली नाही. कथाकार स्वयं प्रकाश यांचा त्याच्या संपादनाशी संबंध होता. गुलज़ार आणि विनोद कुमार शुक्ल यांच्यासारख्यांनी त्यात लिहिले. सुशील शुक्ल यांनी अनेक वर्षे संपादन केले आणि पुढे ‘एकतारा’ या भोपाळमधील संस्थेतर्फे ‘प्लूटो’ व ‘साइकिल’ ही आणखी दोन बालनियतकालिके उभी केली. मुलांचे मासिक ही साहित्याची पायरी नसून साहित्यच आहे, हा आग्रह या सर्व प्रयत्नांत सारखा आढळतो.

मराठी वाचकाला या कामाशी नाते जोडण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. अमेरिकन मिशनने १८७०च्या दशकात काढलेले ‘बालबोधमेवा’, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली सुरू केलेले ‘आनंद’ आणि १४ नोव्हेंबर १९७१पासून पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, चालवलेले ‘किशोर’ ही मराठी बालमासिकांच्या प्रवासातील ठळक स्थानके आहेत. ‘किशोर’ शासकीय संस्थेचे असूनही पहिले संपादक वसंत शिरवाडकर यांच्यापासून त्याने चित्रांचा आणि मजकुराचा जो दर्जा राखला, तो अभिमानाने सांगण्याजोगा आहे. ‘एकलव्य’च्या हिंदी ‘संदर्भ’ या शिक्षकांसाठीच्या नियतकालिकाच्या धर्तीवर १९९०च्या दशकाअखेरीस पुण्यातून ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक निघू लागले, तेव्हा भोपाळ आणि पुणे यांच्यात एक प्रत्यक्ष पूल तयार झाला. या पुलावरून सर्वांत जास्त ये-जा केलेली व्यक्ती म्हणजे अरविंद गुप्ता. पुण्यातील मोटार कारखान्यात अभियंता असताना १९७८ साली एक वर्षाची रजा घेऊन ते होशंगाबादच्या कामात गेले, आणि तेथील आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून त्यांनी काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा खेळ तयार केला. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे आणि त्यांच्या दोन्ही टोकांत काड्या खोचून आकार जोडायचे. चार काड्यांचा चौकोन बोटाने जरा ढकलला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. एवढे हाताला कळले की कौलारू छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, मासळी वाळवण्याच्या मांडवाला तिरका बांबू का बांधावा लागतो, हे प्रश्न मूल आपण होऊन विचारू लागते. पुढे पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हेच काम चालवले, आणि ‘चकमक’च्या वाचकांना ही खेळणी परिचयाची झाली.

प्रस्तुत विषयाचा विचार नवापूरसारख्या गावाच्या संदर्भात का करावा, याचे उत्तर त्या परिसराच्या भाषिक घडणीत आहे. नवापूर हे पालघर तालुक्यातील बोईसरच्या पश्चिमेचे समुद्रकाठचे गाव आहे. या किनारपट्टीवरील मांगेला समाजाची मांगेली, शेती-बागायत करणाऱ्या वाडवळांची वाडवळी आणि पूर्वेकडील डोंगरपट्ट्यातील वारली, कातकरी व इतर आदिवासी समाजांच्या बोली ही येथील मुलांची घरची भाषा. शाळेची भाषा प्रमाण मराठी. आणि बोईसरच्या बाजारात, रिक्षात, कारखान्याच्या फाटकाशी ऐकू येणारी भाषा हिंदी. तारापूर औद्योगिक वसाहत आणि १९६९पासून वीजनिर्मिती करणारे तारापूरचे अणुऊर्जा केंद्र यांमुळे उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा अशा राज्यांतून आलेली कुटुंबे या भागात दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. त्यांच्या मुलांची हिंदीही पुष्कळदा पुस्तकी हिंदी नसते. घरी भोजपुरी, मैथिली किंवा अवधी बोलली जाते. म्हणजे बोईसरमधील एका वर्गात बसलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांची घरची बोली छापील भाषेशी तंतोतंत जुळते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याची ही भाषिक श्रीमंती शाळेच्या प्रगतिपुस्तकात अद्याप अडचण म्हणूनच नोंदली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

अशा ठिकाणी हिंदी मासिक मराठी शिकणाऱ्या मुलाच्या हाती देण्याचा विचार मांडताना एक शंका रास्तपणे उपस्थित होते. इयत्ता पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रातील तीव्र विरोधानंतर जून २०२५च्या अखेरीस मागे घ्यावे लागले, हा इतिहास ताजा आहे, आणि त्या विरोधामागील काळजी खरी होती; कोवळ्या वयात घरच्या बोलीपासून प्रमाण मराठीपर्यंतचे अंतर तोडणाऱ्या मुलावर तिसऱ्या भाषेचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुण यांचे ओझे टाकणे अशास्त्रीय आहे. मासिकाचा मार्ग वेगळा आहे. ते कोणी सक्तीने वाचत नाही, त्यावर प्रश्नपत्रिका निघत नाही, आणि आवडले नाही तर ते मिटून ठेवता येते. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्यामुळे मराठी वाचू लागलेल्या चौथी-पाचवीच्या मुलाला हिंदी पान अक्षरशः अनोळखी नसते. ‘ड़’ आणि ‘ढ़’ यांखालचे टिंब, म्हणजे नुक्ता, त्याला नवे असते आणि ‘ळ’ कुठेच दिसत नाही याचे नवल वाटते. पण वाक्य लागते.

वाक्य लागते तेथेच गमतीही होतात, आणि त्या गमती हेच उत्तम भाषाशिक्षण असते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण; मराठी मुलाला मात्र शिक्षा म्हणजे छडी किंवा अंगठे धरून उभे राहणे. ‘डब्बा खाली है’ हे वाचून मराठी मूल डबा खालच्या फळीवर शोधते, तर हिंदी मुलाला तो रिकामा असल्याचे कळलेले असते. हिंदीत ‘चेष्टा’ करणे हे प्रयत्न करणे असते, मराठीत ती थट्टा असते, आणि ‘आई’ म्हणजे हिंदीत ‘आली’. हिंदी घरातील आणि मराठी घरातील दोन मुले एकच अंक मांडीवर घेऊन बसली, तर एकाला शब्द अडतो तेथे दुसरा सांगतो, आणि दोन पानांनंतर भूमिका उलटतात. मांगेली किंवा वारली बोलणारे मूल त्यात तिसरा शब्द घालते. शिक्षकाने त्या वेळी फळ्यावर तीन रकाने आखून हे शब्द टिपले, तर ज्या मुलाची बोली आजवर अशुद्ध ठरवली गेली त्याच्याकडे वर्ग प्रथमच माहीतगार म्हणून पाहू लागतो.

या परिसराला असे काम परके नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या सोबतीने ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, या विचारातून पाड्याच्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रानात भरणारी कुरणशाळा हे प्रयोग तेथे झाले. शिंपले, बिया, खडे, पाने हेच मोजणीचे आणि रचनेचे साहित्य होते. येथे विशेष लक्षात घेण्याजोगी बाब ही की, गुजरातेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी चालवलेली ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीप्रमाणे मराठीतही निघाली आणि काशिनाथ त्रिवेदी यांनी तिचा विचार हिंदीत नेला. मराठी ‘शिक्षणपत्रिके’ची धुरा पुढे अनुताईंनी सांभाळली. एकच शैक्षणिक विचार तीन भाषांतून शेजाऱ्यासारखा ये-जा करीत होता, आणि त्या वाटेवर कोणत्या भाषेने कोणत्या भाषेला गिळावे असा प्रश्न उद्भवला नाही. आजही वाडा तालुक्यातील सोनाळे येथून काम करणारी ‘क्वेस्ट’ ही संस्था या जिल्ह्यातील अंगणवाड्या व शाळांत वाचन-लेखनाचे काम करते, आणि तिच्या ‘गोष्टरंग’ या उपक्रमात प्रशिक्षित नट आश्रमशाळांत जाऊन बालसाहित्यातील गोष्टी सादर करतात, म्हणजे नाटक पाहिलेल्या मुलाला ती गोष्ट पुस्तकात शोधावीशी वाटावी.

‘चकमक’सारख्या मासिकाचा प्रश्न विचारण्याचा मार्ग नवापूरच्या किनाऱ्यावर कसा उतरेल, हे एका उदाहरणाने दाखवता येते. मुंबई आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. घड्याळ आणि पंचांग यांना जोडणारे हे गणित समुद्रावर जाणाऱ्या घरातील मुलाला वडीलधाऱ्यांकडून मिळते आणि शाळेत ते कधीच विचारले जात नाही. पाऊणपट याचा अर्थ दर तिथीला भरती पंचेचाळीस मिनिटांनी पुढे सरकते असा होतो. भूगोलाच्या पुस्तकात मात्र भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते असे असते. मग चूक कोणाची? मुलाने पंधरा दिवस किनाऱ्यावरील एकाच खडकाशी पाणी कधी टेकते ते टिपले, तर त्याला उलगडत जाईल की तिथी आणि दिवस ही दोन मापेच सारखी नाहीत, सरासरी तिथी चोवीस तासांहून थोडी लहान असते; पौर्णिमेला पाऊणपटीने सव्वाअकरा येतात आणि नव्या पक्षाच्या प्रतिपदेला हिशोब बारानंतर पाऊण तासाने पुन्हा सुरू होतो, म्हणून मधली तूट तेथे भरून निघते; आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण व अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती यांत पाण्याची उंचीही बदलते. ठोकताळा खोटा नाही, पुस्तकही खोटे नाही. दोन्ही वापरासाठी घडवलेली मापे आहेत. चंद्र, समुद्र, पंचांग आणि भागाकार यांना एका वहीत आणणारा हा धडा कोणत्याही छापील अंकात तयार मिळणार नाही, पण तो लिहून पाठवला तर छापण्याजोगा आहे.

प्रश्न नेहमीच इतके प्रसन्न असणार नाहीत. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडले जाते, आणि त्याचा मासेमारीवर होणारा परिणाम हा मच्छीमार संघटनांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत नेलेला विषय आहे. अणुऊर्जा केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही शेजारची गावे हलवली गेली. या गोष्टी मुले घरी ऐकत असतात. ओहोटीला पाण्याचा रंग वेगळा का दिसला, अमुक मासळी आता कमी का मिळते, अणूपासून वीज कशी होते, घर सोडून जाणे म्हणजे काय, असे प्रश्न त्यांच्या मनात असतात; आणि प्रौढ मंडळी बहुधा एक तर ते हसून टाळतात, नाही तर स्वतःची बाजू पढवतात. दोन्हींत मुलाचे पाहणे बाद होते. चांगले बालमासिक या ठिकाणी तिसरी वाट दाखवू शकते. पाण्याचा आम्ल-अल्कधर्मी गुण जास्वंदीच्या फुलाच्या किंवा हळदीच्या कागदाने कसा पाहता येतो हे ते सांगते, त्या कागदाने काय कळते आणि काय कळत नाही हेही सांगते, आणि नोंदी तारीख घालून ठेवायला शिकवते. हळदीचा कागद लाल झाला नाही म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही, एवढा सावधपणा दहा वर्षांच्या मुलाला समजतो. भोपाळमध्ये जन्मलेल्या मासिकाचे बोईसरच्या वाचकाशी असलेले खरे नाते हे या सावध, न घाबरणाऱ्या आणि न भुलणाऱ्या पाहण्यात आहे.

मासिक मुलांपर्यंत पोहोचणे ही शेवटी वर्गणी, टपाल आणि कपाटाची किल्ली यांची गोष्ट आहे. शाळेत आलेले अंक फाटतील म्हणून कुलूपबंद ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. फाटलेला अंक हा वाचलेला अंक असतो हे मान्य करण्यास शिक्षकाला तपासणीच्या भीतीतून मोकळे करावे लागेल. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पुस्तके मांडून छायाचित्र काढणे सोपे आहे, उरलेल्या दिवशी ती मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर दोरीला टांगून ठेवणे अवघड आहे. गावाच्या ग्रंथालयात ‘किशोर’ आणि ‘चकमक’ एकाच दोरीवर शेजारी टांगता येतात, व त्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानण्याचे कारण नाही.

पुढील विवेचनात ‘चकमक’चे अंक, त्यांतील सदरे आणि चित्रांची भाषा यांचा क्रमाने विचार केला आहे. तो वाचताना किती अंक आले हे मोजण्याबरोबरच नवापूरसारख्या ठिकाणाहून किती पत्रे गेली हेही पाहिले जावे, अशी अपेक्षा आहे. मुलाने मांगेलीत विचार करून, मराठीत अडखळून, हिंदीत अर्धे लिहून आणि उरलेले चित्र काढून पाठवलेल्या पानाखाली मुलाच्या नावापुढे ‘इयत्ता पाचवी, नवापूर, जिल्हा पालघर’ एवढी ओळ छापली जाईल. आणि तो अंक बोईसरच्या टपालाने परत आला की भरतीच्या वेळा टिपलेली ती वही घरातील मोठी माणसेही उघडून पाहतील.